मुंबई ते अलिबाग, एका तिकिटावर: गेटवे-मांडवा बोट आणि तिच्या जोड-बससेवेचे परीक्षण

अलिबागला जायचे म्हणजे गाडी हवी, ही समजूत मुंबईत अजून पक्की आहे. नकाशा समोर धरला की ती टिकत नाही. रस्त्याने जाणाऱ्याला मुंबई बंदराला पूर्ण वळसा घालून पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड आणि कार्लेखिंड असा शंभर किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करावा लागतो. गेटवे ऑफ इंडियापासून मांडव्यापर्यंतचे समुद्रातले अंतर मात्र वीस किलोमीटरही नाही, आणि मांडव्याहून अलिबाग गाव पुढे साधारण तितकेच दूर आहे. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाल्यापासून मुंबई ते चिर्ले हा टप्पा सोपा झाला, हे खरे आहे. पण अलिबागकरांचा आणि अलिबागला जाणाऱ्यांचा खरा वेळ वडखळ ते अलिबाग या बावीसेक किलोमीटरच्या अरुंद रस्त्यावर जातो, आणि सेतूने तिथे काही फरक पडलेला नाही. शनिवारी सकाळी हा रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगायला नको.

माझ्याकडे गाडी नाही. कुलाबा किल्ला आणि आंग्रेकालीन अलिबाग यांच्या ओढीने मी वर्षानुवर्षे या मार्गाने जात आलो आहे, आणि गेटवे-मांडवा बोट व तिला जोडलेली मांडवा-अलिबाग बस ही मुंबईच्या परिसरातली सर्वांत चांगल्या रीतीने बांधलेली सार्वजनिक प्रवाससेवा आहे, असे माझे मत आहे. तिचे खरे मोल बोटीच्या वेगात नाही. एकाच तिकिटात बोट आणि बस दोन्ही मिळतात, उतरल्यावर बस तिथे उभी असते आणि ती बोटीतल्या प्रवाशांसाठीच थांबलेली असते, ही तिची खरी किंमत आहे. ज्या ज्या ठिकाणी ही जोडणी घट्ट आहे तिथे सेवा उत्तम आहे. जिथे ती सैल पडते तिथे प्रवाशाचे हाल होतात.

आधी मुंबईच्या टोकाविषयी. गेटवेला पोचण्याची सोय अलीकडे बरीच सुधारली आहे. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत धावू लागल्यापासून उपनगरातून येणाऱ्याला हुतात्मा चौक स्थानकात उतरून गेटवेपर्यंत चालत जाता येते. हातात जड सामान असेल तर चर्चगेट किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून बेस्टची बस अथवा टॅक्सी बरी. गेटवेच्या आवारात शिरताना सुरक्षा तपासणीची रांग असते आणि सुट्टीच्या दिवशी तीच सर्वांत अधिक वेळ खाते, कारण घारापुरीला जाणारे, नुसते छायाचित्रे काढायला आलेले आणि मांडव्याची बोट धरायला धावणारे, असे सगळे एकाच रांगेत उभे असतात. मांडव्याच्या प्रवाशांसाठी वेगळी रांग ठेवली तर हा प्रश्न सहज सुटेल. तोवर बोटीच्या वेळेआधी किमान अर्धा तास तिथे असावे, आणि रविवारी त्याहूनही आधी.

पीएनपी, मालदार आणि अजंता या तीन सेवांच्या बोटी मांडव्याला जातात. तिकिटाच्या खिडक्या गेटवेजवळच आहेत, आणि ऑनलाइन आरक्षणाचीही सोय आहे. भाडे मोसमागणिक आणि बैठकीगणिक बदलते. साध्या डेकपासून वातानुकूलित डेकपर्यंत ते साधारण दोनशे ते तीनशे रुपयांच्या दरम्यान असते, आणि पुढच्या बसचे पैसे त्यातच आलेले असतात. पेट्रोल, टोल, पार्किंग आणि वडखळच्या कोंडीत गेलेला वेळ यांचा हिशेब मांडला तर एकट्यादुकट्या प्रवाशाला याहून स्वस्त पर्याय एस.टी.चाच आहे, त्याविषयी पुढे लिहितो. बोटीवर चढताना तिकीट दाखवले की ते खिशात नीट जपून ठेवावे. मांडव्याला बसमध्ये चढताना तेच तिकीट पुन्हा पाहिले जाते, आणि बोटीतच ते चुरगळून टाकणारे प्रवासी दर फेरीला दोन-चार तरी असतातच.

धक्क्याच्या पायऱ्यांविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण या प्रवासातली सर्वांत अवघड जागा तीच आहे. भरती असताना बोटीचा काठ वरच्या पायऱ्यांशी येतो आणि चढणे सोपे जाते. ओहोटीला बोट खाली जाते, आणि मग एरवी पाण्याखाली असणाऱ्या, हिरव्या शेवाळाने बुळबुळीत झालेल्या पायऱ्या उघड्या पडतात. बोट धक्क्याला बांधलेली असली तरी लाटेबरोबर वर-खाली होत असते. ती वर आली की खलाशी मनगट धरतो, "आता" म्हणतो, आणि प्रवाशाने त्याच क्षणी पाऊल टाकायचे असते. हे खलाशी या कामात इतके तरबेज आहेत की एका हाताने दोर सांभाळत दुसऱ्या हाताने ते आजीबाईंना आणि कडेवरच्या मुलांना सहज आत घेतात. तरीही गुडघ्याचे दुखणे असलेल्या किंवा काठी घेऊन चालणाऱ्या माणसाला ही चढ-उतार झेपेलच असे नाही, आणि चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला तर ही सेवा व्यवहारात बंदच आहे. इतक्या वर्षांच्या वाहतुकीनंतरही देशातल्या सर्वांत प्रसिद्ध धक्क्यावर पाण्याच्या पातळीबरोबर वर-खाली होणारा तरंगता फलाट प्रवाशांना मिळालेला नाही, ही मला या सेवेतली सर्वांत मोठी उणीव वाटते.

बोट सुटल्यावर मात्र तक्रारीला फारशी जागा उरत नाही. गेटवे आणि ताजमहाल हॉटेल मागे सरकतात, डावीकडे नौदलाच्या आणि मालवाहू जहाजांची गर्दी दिसते, दक्षिणेला मुंबईतल्या कुलाब्याचे टोक आणि त्यापलीकडे प्राँग्जचा दीपस्तंभ, तर पूर्वेला उरणचा द्रोणागिरी. मध्यावर आल्यावर समोर कनकेश्वराचा डोंगर स्पष्ट होतो आणि मग मांडवा कुठे आहे हे वेगळे विचारावे लागत नाही. सगळा प्रवास पाऊण ते एक तासाचा. वातानुकूलित डेकच्या काचा मिठाने पांढरट झालेल्या असल्याने तिथून फारसे काही दिसत नाही. ज्यांना बोट लागत नाही त्यांनी वरच्या उघड्या डेकचेच तिकीट घ्यावे, आणि ज्यांना लागते त्यांनी खालच्या डेकवर मध्यभागी बसावे, कारण तिथे हेलकावे कमी जाणवतात. हिवाळ्यात कुरव पक्षी बोटीच्या मागे थव्याने येतात आणि प्रवासी त्यांना शेव, गाठ्या, कुरकुरे खाऊ घालतात. हे कृपया करू नये. तळलेले आणि खारट पदार्थ त्या पक्ष्यांचे अन्न नाही, आणि रिकामी पुडकी शेवटी समुद्रातच जातात.

सुरक्षिततेविषयी दोन शब्द गंभीरपणे लिहिले पाहिजेत. मुंबई बंदराचे पाणी वरून कितीही संथ दिसले तरी ते निष्काळजीपणा खपवून घेत नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. रायगडच्या किनाऱ्यावरच्या अनेक घरांत त्या गटारी अमावास्येची आठवण आजही काढली जाते. मार्च २०२० मध्ये मांडव्याजवळ एक प्रवासी बोट बुडू लागली तेव्हा रायगड पोलिसांच्या गस्ती बोटीने धाव घेऊन त्यातल्या ८८ जणांना सुखरूप बाहेर काढले. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीच्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि अनेकांचे प्राण गेले. त्या अपघातानंतर प्रवाशांना जीवरक्षक जॅकेट सक्तीचे झाले. माझ्या अनुभवात हा नियम सर्व फेऱ्यांवर सारख्याच काटेकोरपणे पाळला जात नाही, आणि उकाड्याचे कारण सांगून जॅकेट काढून ठेवणारे प्रवासीही कमी नाहीत. जॅकेट घालावे, पट्टे आवळावेत, आणि कुणी दिले नाही तर मागून घ्यावे. बोट खच्चून भरलेली दिसली तर पुढच्या फेरीची वाट पाहण्यात काहीही कमीपणा नाही.

मांडव्याची जेट्टी गेटवेच्या मानाने कितीतरी सोयीची आहे. लाटांचा जोर अडवणाऱ्या बांधामुळे बोट इथे स्थिर उभी राहते, किनाऱ्यापर्यंतच्या लांब वाटेवर छप्पर आहे, आणि जेट्टी संपते तिथेच बस उभ्या असतात. आपल्या बोटीची बस कोणती, हे तिकिटावरचे नाव पाहून समजते. सगळे प्रवासी बसले की बस निघते आणि झिराड, चोंढी, थळचा फाटा, वरसोली असे करीत सुमारे पाऊण तासात अलिबागच्या मध्यवस्तीत सोडते. वाटेतल्या फाट्यांवर उतरायचे असेल तर चालकाला बसताना सांगून ठेवावे. ज्यांना सासवण्याला शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचे शिल्पसंग्रहालय पाहायचे आहे त्यांनी बस सोडून मांडव्याहूनच रिक्षा करावी. पुण्यातला शिवाजी महाराजांचा १९२८ चा अश्वारूढ पुतळा घडवणाऱ्या या कलावंताचे काम त्यांच्या स्वतःच्या घरात, अंगणात पाहायला मिळते, आणि गाडीने भरधाव किहीमकडे जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते माहीतही नसते.

या जोड-बसमुळे काय साधते ते मांडव्याला उतरून रिक्षाचा भाव विचारला की कळते. बस नसती तर बोटीचे तिकीट जेवढ्याला आहे त्याच्या कितीतरी पट पैसे पुढच्या वीस किलोमीटरला मोजावे लागले असते, आणि मग बोट ही किनाऱ्यावर बंगले असलेल्यांची सोय उरली असती. बस आहे म्हणून बोटीत कॉलेजातली मुले, न्यायालयाच्या कामाला निघालेले वकील, मुंबईच्या रुग्णालयातून परतणारी माणसे, मुंबईच्या मांडवी बाजारातून माल घेऊन येणारे दुकानदार, असे सगळे दिसतात. रायगड जिल्ह्याचे मुख्यालय असलेले अलिबाग आणि महानगर यांच्यातला हा रोजचा दुवा आहे. पर्यटकांनी तो आपला खास आहे असे मानू नये, आणि रांगेत कामावर जाणाऱ्याला थोडी वाट करून द्यावी.

अलिबाग गाव पायी पाहण्याजोगे आहे आणि बिनगाडीच्या प्रवाशाला ते फार मानवते. बस सोडते तिथून समुद्रकिनारा चालत जवळ आहे आणि किनाऱ्यावर उभे राहिले की समोर समुद्रात कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांनी मार्च १६८० मध्ये, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत, या किल्ल्याचे काम सुरू करवले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्ण झाले. पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांचे हे मुख्य ठाणे झाले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून केलेली स्वारी त्यांनी याच परिसरात परतवून लावली. तटाचे प्रचंड दगड चुन्याने न जोडता एकावर एक रचलेले आहेत; लाटेचे पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो, असे या बांधणीचे कारण सांगितले जाते, आणि तटाच्या पायथ्याशी उभे राहून एखादी लाट येताना पाहिली की ते पटते. आत आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेले सिद्धिविनायकाचे पंचायतन आहे, समुद्राच्या मध्यात असूनही गोड पाण्याची पुष्करणी आहे, आणि उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या दोन तोफा आहेत. त्या मराठ्यांच्या नव्हेत. यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचे नाव आणि १८४९ हे साल त्यांवर बोट फिरवून वाचता येते, म्हणजे आंग्र्यांचे संस्थान इंग्रजांनी खालसा केल्यानंतरच्या त्या आहेत.

या किल्ल्यात चालत जाता येते ते ओहोटीला, आणि इथे बोटीचे वेळापत्रक व समुद्राचे वेळापत्रक यांची सांगड घालावी लागते. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि त्याच्या सहा तास मागे-पुढे पूर्ण ओहोटी. यावरून दिवसभरात जाऊन येणाऱ्याला अष्टमी सर्वांत सोयीची वाटेल, कारण ओहोटी भर दुपारी बारा वाजता येते. प्रत्यक्षात तसे नाही. अष्टमीच्या सुमारास भांगेची भरती-ओहोटी असते, पाणी फारसे चढतही नाही आणि उतरतही नाही, आणि किल्ल्याची वाट गुडघाभर पाण्यातच राहते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला वाट कोरडी पडते, पण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास असते, आणि तेव्हा मुंबईहून बोट तरी पोचलेली नसते किंवा परतीची निघून गेलेली असते. माझ्या मते चतुर्थी आणि पंचमी या दोन तिथी उत्तम. ओहोटी सकाळी नऊ ते दहाच्या दरम्यान येते, पाणी पुरेसे मागे सरलेले असते, आणि गेटवेवरून पहाटेच्या पहिल्या फेऱ्यांपैकी एखादी धरली तर वेळेवर पोचता येते. हिशेब ढोबळ आहे. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचा तक्ता पाहावा आणि किनाऱ्यावरच्या टांगेवाल्यांना परतीची वेळ विचारून मगच वाळूत उतरावे. ते सांगतील त्या वेळेला किल्ला सोडावा, कारण पाणी चढू लागले की वाट फार लवकर बुडते. भरतीच्या वेळी होडीची सोय असते, मात्र ती पाण्याच्या स्थितीवर अवलंबून असते.

किल्ल्याखेरीज गावात जे आहे ते बहुतेक पर्यटकांच्या वाटेबाहेर राहते. छत्रीबागेत कान्होजींची समाधी आहे. ४ जुलै १७२९ रोजी त्यांचे निधन झाले. हिराकोट हा त्यांनीच बांधलेला छोटा भुईकोट. इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला आणि तो आजही कारागृह आहे, त्यामुळे तो बाहेरून, तळ्याच्या काठावरूनच पाहावा. इस्रायल आळीत बेने इस्रायली समाजाचे मागेन आबोथ हे प्रार्थनास्थान आहे. या समाजाचे पूर्वज जवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. आणि समुद्रकिनाऱ्याजवळच भूचुंबकीय वेधशाळा आहे. तिचा इतिहास तर थेट मुंबईच्या वाहतुकीशी बांधलेला आहे. ही वेधशाळा मूळची मुंबईतल्या कुलाब्याची. घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम येणार हे ठरल्यावर विजेच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडतील हे ओळखून संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी अलिबागची जागा निवडली, १९०४ मध्ये इथे नोंदी सुरू झाल्या, आणि दोन वर्षे दोन्ही ठिकाणी बरोबरीने नोंदी ठेवून मगच कुलाब्याचे काम थांबवले. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. नोंदींची ती साखळी आजही चालू आहे. आत जाण्यासाठी आगाऊ परवानगी घ्यावी लागते.

जेवणाचे फार लिहीत नाही. घरगुती खानावळी गावात पुष्कळ आहेत, मासळी ताजी असते, आणि थंडीत कुणी पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, लावलेली दिसली तर बोटीची वेळ सांभाळून थांबावे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला गावच्या बायका पांढऱ्या कांद्याच्या वेण्या विकायला बसतात. या कांद्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वेणी बोटीत नेता येते, कुणी अडवत नाही, मात्र ती ओल्या डेकवर ठेवू नये, कारण खारे पाणी लागलेला कांदा लवकर सडतो.

परतीचा प्रवास हा या सेवेचा कच्चा दुवा आहे. जाताना प्रवासी विखुरलेले असतात. परतताना, विशेषतः रविवारी दुपारनंतर, सगळ्यांनाच एकाच वेळी निघायचे असते. एकदा माझे परतीचे आरक्षण असलेली फेरी समुद्र खवळल्यामुळे रद्द झाली. रद्द करण्याबद्दल माझी तक्रार मुळीच नाही, तो निर्णय योग्यच होता. पण अलिबागच्या थांब्यावर कुणाला त्याचा पत्ता नव्हता, बसने आम्हांला नेहमीप्रमाणे मांडव्याला आणून सोडले, आणि तिथे गेल्यावर बोट नाही असे सांगण्यात आले. बरोबर लहान मुले असलेली कुटुंबे होती, आणि तिथून पुन्हा अलिबागला, मग एस.टी.ने पनवेल, असा उलटा प्रवास करताना मध्यरात्र झाली. आरक्षण करताना प्रत्येकाचा मोबाइल क्रमांक घेतलेला असतो. एक संदेश पाठवला असता तर पन्नास माणसे अलिबागच्या स्थानकावरूनच थेट पनवेलची बस धरू शकली असती. बोट आणि बस एका तिकिटावर आहेत, तर बोटीची खबरही बसच्या थांब्यावर पोचली पाहिजे, इतकी साधी अपेक्षा आहे. पैसे परत मिळाले, हे नमूद करतो.

पावसाळ्यात, साधारण जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत, गेटवेच्या या बोटी बंद असतात. तेव्हा आणि एरवीही ज्यांना गेटवेच्या पायऱ्या झेपत नाहीत त्यांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो सेवा उपयोगी पडते. मार्च २०२० मध्ये सुरू झालेले हे जहाज मोटारी नेण्यासाठी असले तरी पायी प्रवाशांनाही घेते, आणि हे फार थोड्यांना ठाऊक आहे. जहाज मोठे असल्याने डोलते कमी, वेळ तासाभराचाच लागतो, आणि मुख्य म्हणजे चढताना उडी मारावी लागत नाही. उतरत्या फळीवरून सरळ चालत आत जाता येते. वयोवृद्धांना बरोबर नेताना मी हाच मार्ग सुचवतो. पावसाळ्यातही ती हवामान पाहून चालते, म्हणून निघण्याच्या दिवशी सकाळी चौकशी करूनच घर सोडावे. भाऊचा धक्का हार्बर मार्गावरच्या डॉकयार्ड रोड स्थानकाहून टॅक्सीने जवळ आहे. मांडव्याला उतरल्यावर पुढच्या वाहनाची खात्री मात्र तिकीट काढतानाच करून घ्यावी. याच धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या जुन्या लाँचही आहेत. त्या संथ आणि साध्या आहेत, पण रेवसहून अलिबागला एस.टी. मिळते, आणि स्थानिक लोकांचा त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा भरवसा आहे.

राहिली एस.टी. मुंबई आणि पनवेलहून अलिबागला थेट गाड्या आहेत, त्या बाराही महिने आणि रात्री उशिरापर्यंत धावतात, महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. चौघांच्या कुटुंबाला दोन्ही बाजूंचा खर्च बोटीपेक्षा कमी येतो. रेल्वेने पेणपर्यंत जाऊन पुढे एस.टी. धरण्याचा पर्यायही आहे, पण गाड्या मोजक्या असल्याने वेळा जुळल्या तरच त्याचा उपयोग. अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत रूळ आहेत, त्यावरून फक्त मालगाड्या जातात. ते रूळ प्रवाशांसाठी खुले व्हावेत ही मागणी रायगडात जुनी आहे आणि मला ती पूर्णपणे रास्त वाटते.

पहिल्यांदा जाणाऱ्याला माझा सल्ला असा: नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला आठवड्यातला एखादा मधला दिवस निवडावा, तिथी पाहावी, जाताना गेटवेची सकाळची बोट घ्यावी, आणि परतीचे आरक्षण दुपारच्या फेरीचे करावे, शेवटच्या फेरीचे नव्हे, म्हणजे काही कारणाने ती चुकली तरी मागून आणखी एक बोट असते. आणि अलिबाग स्थानकावरून पनवेलला जाणाऱ्या एस.टी.च्या संध्याकाळच्या वेळा वहीत टिपून ठेवाव्यात.